दुसऱ्या वाटेने घरी

मिस्सामध्ये शांतीचे चिन्ह देण्याची वेळ आली, की आपण शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे वळून हात जोडतो. या कृतीला फार तर दोन-तीन क्षण लागतात. आमच्या चर्चमध्ये मात्र एक मनुष्य असा होता, की तो डावीकडच्या बाकावर असला तर मी उजवीकडे वळत असे, आणि तो मागे असला तर मी मागे वळतच नसे. हे एकदोन रविवार नव्हे, तर तब्बल अकरा वर्षे चालले. ते कसे थांबले, याची ही हकीगत आहे. ती थांबवण्यासाठी आम्हा दोघांना एक डोंगर चढावा लागला.

त्या मित्राचे नाव येथे लिहीत नाही. गावातले वाचक त्याला ओळखतील आणि बाहेरच्यांना नावाचा उपयोग नाही. आम्ही दोघे एकाच वर्षी जन्मलो, एकाच रविवारी आम्ही प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारले, आणि चर्चच्या गायनवृंदात वर्षानुवर्षे एकाच पुस्तकातून गायलो. आमच्या वाड्या एकमेकींना लागून होत्या व मध्ये एक बावखल होते. पावसाळ्यात ते काठोकाठ भरे आणि उन्हाळ्यात दोन्ही घरच्या केळी व पानवेली त्याच पाण्यावर जगत. कागदोपत्री ते आमच्या मालकीचे होते. परंतु माझ्या वडिलांनी त्याच्या वडिलांपुढे त्याला कधी ‘आमचे’ म्हटल्याचे मला आठवत नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा आम्ही दोघे मोर्चात खांद्याला खांदा लावून चाललो होतो. घोषणा देऊन दोघांचेही घसे बसले आणि पुढच्या रविवारी गायनवृंदात आमचे नुसते ओठ हलत होते.

आणि तरीही २०११ साली मी माझ्या वाडीची चौदा गुंठे जागा विकली. थोरल्या मुलाला शहरात घर घ्यायचे होते. निकड होती, असे मी तेव्हा सर्वांना सांगितले. आज प्रामाणिकपणे सांगायचे तर निकड थोडी आणि घाई फार होती. त्या चौदा गुंठ्यांत बावखलही गेले, आणि पुढचा पावसाळा येण्यापूर्वी ते भरावाखाली दिसेनासे झाले. दोन-तीन वर्षांत मे महिना आला, की त्याच्या विहिरीचे पाणी मचूळ होऊ लागले. तो माझ्याशी भांडला नाही. भांडला असता तर बरे झाले असते. तो केवळ माझ्याशी बोलायचा थांबला आणि मीही त्याच्या अबोल्याला अबोल्यानेच उत्तर दिले.

आमच्या जुन्या चौकडीतला तिसरा मित्र निवृत्त शिक्षक. त्याला आम्ही मास्तर म्हणतो. चौथा एस.टी.त कंडक्टर होता. २०२२च्या नाताळात मास्तर माझ्या घरी आला आणि म्हणाला, “साठी झाली. बावीस वर्षांचे असताना कळसूबाईला गेलो होतो, आता पुन्हा जाऊ या. एक रात्र वरच काढू. तोही येणार आहे. त्याला मी सांगितलंय की तू येणार आहेस. कोणाला फसवून नेत नाही. यायचं तर ये.”

मी गुडघ्यांची सबब सांगितली. मास्तर गेल्यावर आमची मंडळी म्हणाली, “गुडघे नव्हे, तुमची मान दुखतेय. अकरा वर्षं एकीकडेच वळवून धरलीय ना!” मी काही बोललो नाही, परंतु त्या रात्री माळ्यावरून जुने बूट काढले.

६ जानेवारी २०२३, शुक्रवार. पौष पौर्णिमेचा दिवस. जुन्या पद्धतीप्रमाणे राजांचा सणही याच तारखेचा, याची आठवण मास्तरने गाडीतच करून दिली. “तीन राजे होते, आपण चौघे आहोत. एक जास्तीचा कोण, ते तुम्ही ठरवा,” असे म्हणून तो एकटाच हसला. आम्ही कल्याण गाठले आणि तेथून कसाऱ्याची लोकल धरली. कसाऱ्याला जीप ठरवून, इगतपुरी-घोटी मागे टाकून, दुपारी बारीला उतरलो. कळसूबाईच्या पायथ्याचे हे गाव अकोले तालुक्यात आहे. शिखराची उंची १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट. महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. या सबंध प्रवासात तो आणि मी एकमेकांशी एक शब्दही बोललो नव्हतो. कंडक्टर मध्ये बसून दोघांनाही शेंगा वाटत होता.

बारीहून वाट प्रथम भाताच्या कापून झालेल्या खाचरांतून जाते. खाचरांच्या बांधांवर उन्हे पसरली होती आणि गावातली गुरे धसकटांत तोंड घालून चरत होती. ज्यांना वर जाणे झेपत नाही, त्यांच्यासाठी खालच्या टप्प्यावरही देवीचे एक लहानसे देऊळ आहे. तेथे एक आजीबाई लिंबू-सरबत विकत होत्या. त्यांनी आमच्या सॅकांकडे आणि पिकल्या केसांकडे पाहिले. “कुठून आलात, बाबा?” वसई म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “म्हंजे समुद्राकडचं. मंग सावकाश जा. डोंगराला घाई नसती.”

तरुणपणी हा डोंगर आम्ही गात-गात चढलो होतो. आता प्रत्येक वळणावर श्वास गोळा करावा लागत होता. पाठीवर आठ-नऊ किलोंचे ओझे: तंबू, पांघरूण, तीन लिटर पाणी आणि भाकऱ्या. कड्याचा भाग आला, की लोखंडी शिड्या लागतात. शिडीवर एका वेळी एकाने चढावे, मागच्याने वाट पाहावी. मी चढताना खाली तो उभा असे आणि तो चढताना वर मी. खाली वाट पाहणाऱ्याची दृष्टी आपोआप वर चढणाऱ्याच्या पावलांवर राहते. अकरा वर्षांत मी त्याच्याकडे इतका वेळ पाहिले नव्हते. त्याच्या टाचांना भेगा पडल्या होत्या आणि डावे पाऊल तो किंचित जपून टाकत होता. हे कधी झाले, ते मला ठाऊक नव्हते.

दुसरी शिडी उतरून गेल्यावर माझ्या उजव्या बुटाने दगा दिला. माळ्यावर पडून-पडून त्याचा डिंक सुकला असावा. टाचेपासून चवड्यापर्यंत सगळा तळ सुटला आणि जबड्यासारखा उघडमीट करू लागला. मी एका दगडावर बसलो. मास्तर आणि कंडक्टर पुढे निघून गेले होते. ते मुद्दाम पुढे गेले होते, असा संशय मला आजही आहे. मागून तो आला. काही क्षण त्याने बुटाकडे पाहिले, मग सॅक उतरवली आणि बाजूच्या खिशातून एक गुंडाळी काढली. केळीच्या सोपटाची वळलेली दोरी होती ती. वाडीत पानांचे विडे आणि फुलांचे गजरे बांधायला आमच्या घरीही पूर्वी तीच असे.

“पाय पुढे कर,” तो म्हणाला.

अकरा वर्षांनंतरचे हे पहिले तीन शब्द. मी पाय पुढे केला. तो गुडघ्यावर बसला, दोरी तोंडातल्या पाण्याने ओली केली, बुटाच्या खालून-वरून चार वेढे दिले आणि घोट्याजवळ अशी गाठ मारली, की ती ओढली तर अधिकच घट्ट व्हावी. पवित्र गुरुवारी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात, तेव्हा त्या बाराजणांच्या चेहऱ्यावर जो अवघडलेपणा असतो, तो मी वर्षानुवर्षे पाहिला आहे. त्याचा अर्थ मला त्या दगडावर बसल्यावर समजला. दुसऱ्याचे पाय धुणे एक वेळ सोपे. आपले पाय दुसऱ्याच्या हाती देणे फार कठीण.

संध्याकाळी शेवटच्या शिडीच्या अलीकडच्या सपाटीवर पोहोचलो. तेथे विहीर आहे आणि तंबूला पुरेशी जागाही. सूर्य पश्चिमेकडच्या रांगांमागे गेला आणि समोरून पौर्णिमेचा चंद्र वर आला. दोन्ही ज्योती एकाच वेळी आकाशात पाहण्याचा योग वाडीतल्या झाडीतून कधी येत नाही. चौघांनी मिळून तंबू उभारले. “रूपांतराच्या डोंगरावर पेत्राला तीन मंडप हवे होते, आपल्याला दोनच परवडले,” मास्तर म्हणाला, “तेव्हा दोन-दोन जणांनी राहायचं. मला घोरणाऱ्या कंडक्टरची सवय आहे. आम्ही दोघे इकडे.” एवढे बोलून त्याने आपली सॅक त्या तंबूत टाकली आणि विषय संपवला.

तांदळाच्या भाकऱ्या आणि चवळीची सुकी उसळ हे जेवण झाले. देवीचा डोंगर म्हणून सुके मासे आम्ही घरीच ठेवले होते. जेवणानंतर त्याने केळीच्या सुक्या पानात बांधलेला पुडा सोडला. सुकेळी! राजेळी केळी उन्हात सुकवून केलेली, मधाच्या रंगाची. वसईत ती आता किती घरांत होतात, ते वाचकांना सांगायला नको. पुडा मास्तरकडून कंडक्टरकडे व कंडक्टरकडून माझ्याकडे आला. मी एक घेतले. त्या बावखलाच्या पाण्यावर वाढलेल्या केळींची चव माझ्या जिभेला पाठ होती. हे सुकेळे गोड होते, पण ती चव त्यात नव्हती. की मलाच तसे वाटले? पुडा परत देताना मी त्याच्याकडे पाहू शकलो नाही.

रात्री वारा सुटला. तंबूचे कापड फडफडत होते आणि थंडी जमिनीतून पाठीत शिरत होती. आम्ही दोघे एकमेकांकडे पाठ करून पडलो होतो. शेजारच्या तंबूतून कंडक्टरचे घोरणे नियमितपणे येत होते.

“झोपलास?” त्याने विचारले.

“नाही.”

“बावखलात आपण पोहायला शिकलो, आठवतं?”

“आठवतं. तू मला बुडवत होतास.”

“बुडवत नव्हतो. वर काढत होतो.”

पुन्हा शांतता पसरली. या प्रसंगासाठी मी मनाशी एक वाक्य कित्येक वर्षे घोकून ठेवले होते. ते मी उच्चारले. “माझं चुकलं. जागा विकायला नको होती.”

तो लगेच बोलला नाही. मग म्हणाला, “जागा तुझी होती. विकायचा तुला हक्क होता. त्याचा मला राग नाही.”

“मग?”

“तू मला विचारलं नाहीस. सही होऊन गेली आणि मला बाजारात दुसऱ्याच्या तोंडून कळलं. बावखलापुरते दोन-तीन गुंठे वेगळे ठेवता आले असते. त्याचे पैसे मी दिले असते. बायकोचे दागिने मोडून दिले असते. पण तू विचारलंच नाहीस.”

माझे घोकलेले वाक्य संपले होते. आता जे बोलायचे होते, ते मी स्वतःशीही कधी बोललो नव्हतो. “विचारलं नाही, कारण तू ‘नको’ म्हणशील हे मला ठाऊक होतं. आणि तू ‘नको’ म्हटलं असतंस, तर मला विकता आलं नसतं.”

या अकरा वर्षांत मी अनेकदा पापनिवेदनाला गेलो होतो. ‘शेजाऱ्याशी अबोला आहे’ असे दर वेळी सांगत होतो, प्रायश्चित्त घेत होतो आणि हलक्या मनाने घरी येत होतो. मूळ गोष्ट मात्र मी एकदाही सांगितली नव्हती. अबोला हे त्या पापाचे फळ होते. ज्याचा शब्द मला अडवू शकला असता त्या मित्राला मी जाणूनबुजून टाळले, हे खरे पाप होते. लहान पाप पुढे करून मोठे पाप त्यामागे लपवता येते, आणि मनुष्य हे पापनिवेदनातही करतो, ही गोष्ट मला त्या अंधारात प्रथम दिसली.

बराच वेळ गेला. तो म्हणाला, “हे अकरा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतंस.”

“हो.”

“पाणी काही परत येणार नाही.”

“नाही येणार.”

तो काही काळ तसाच पडून राहिला. मग कुशीवर वळला. “थंडी फार आहे. तुझं पांघरूण आखूड आहे. इकडे सरक.” त्याने आपली जाड घोंगडी दोघांवर ओढली. क्षमा हा शब्द त्याने उच्चारला नाही आणि मीही मागितला नाही. पहाटे केव्हातरी मला झोप लागली.

उजाडण्यापूर्वी मास्तरने उठवले. शेवटची शिडी चढून आम्ही माथ्यावर आलो. कळसूबाईचे देऊळ अगदी लहान, चार-सहा माणसांनी भरून जाईल एवढे. काळसू नावाच्या कोळ्याच्या मुलीची कथा या भागात सांगतात. भांडी घासणे आणि केर काढणे ही दोन कामे आपल्याला सांगू नयेत, एवढ्या अटीवर ती पायथ्याच्या गावात एका घरी कामाला राहिली. एके दिवशी पाहुणे आले आणि गडबडीत कोणीतरी तिला तीच कामे सांगितली. तिने ती मुकाट्याने केली, आणि मग डोंगरावर निघून गेली ती पुन्हा खाली आली नाही. पूर्वी ही कथा मला मानी मुलीची वाटली होती. या वेळी ऐकताना वाटले, घरच्या माणसांनी तिला मारले नाही, उपाशी ठेवले नाही, केवळ दिलेला शब्द विसरले. तेवढ्यावरून एक मनुष्य आपल्यापासून कायमचा दूर जातो.

देवळात पूजा चालली होती. आम्ही बूट काढून दुरूनच नमस्कार केला आणि कोणाला अडचण होऊ नये म्हणून एका कडेला उभे राहिलो. पूर्व उजळली. पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग हे तीन दुर्ग, दक्षिणेकडे रतनगड, आणि खाली भंडारदऱ्याचा जलाशय. विल्सन धरणाने प्रवरेचे पाणी १९२६ सालापासून तेथे अडवून धरले आहे. पहिले ऊन पाण्यावर पडले, तेव्हा तो माझ्या शेजारीच उभा होता. कोणी पाणी साठवून ठेवतात आणि कोणी बुजवतात, हा विचार माझ्या मनात आला. त्याच्याही आला असेल. तो बोलला नाही, हा त्याचा मोठेपणा.

मास्तरने हळू आवाजात प्रभूची प्रार्थना सुरू केली. आम्ही चौघांनी ती म्हटली. ज्या ओळीत आपण क्षमा मागतो आणि क्षमा करण्याचे कबूल करतो, तेथे माझा आवाज अडला. त्याचा आवाज मात्र अडला नाही. गायनवृंदात मी सूर सोडला, की तो ज्याप्रमाणे थोडे मोठ्याने गात असे, तसाच तो ती ओळ थोडी मोठ्याने म्हणाला.

उतरताना गुडघ्यांनी खरोखरच त्रास दिला. शिड्यांवर तो माझ्या आधी उतरे आणि खालून सांगे, “डावा पाय... अजून एक पायरी... आता टेक.” सोपटाची दोरी बारीपर्यंत टिकली. बूट गावातच टाकून दिला, दोरी मी घरी आणली.

रविवारी, ८ जानेवारीला, आपल्या धर्मग्रामात राजांच्या सणाची मिस्सा झाली. फादरांनी प्रवचनात शुभवर्तमानातील एका लहान तपशिलाकडे लक्ष वेधले. ज्ञानी लोक प्रभूचे दर्शन घेतल्यावर आले त्या वाटेने परतले नाहीत, दुसऱ्या वाटेने आपल्या देशी गेले. जुन्या वाटेवर हेरोद होता. मला माझी जुनी वाट दिसली: चर्चच्या मागच्या दाराने बाहेर पडून, त्याच्या वाडीला वळसा घालून घरी जाणारी. शांतीचे चिन्ह देण्याची वेळ आली. तो डावीकडे, दोन बाके पुढे होता. मी डावीकडे वळलो. तो आधीच मागे वळून उभा होता.

वाचकहो, येथे ही हकीगत संपली असती तर ती गोड झाली असती. परंतु डोंगरावर जे कळते, त्याची परीक्षा खाली आल्यावर होते. पेत्राला वरच राहायचे होते. प्रभू त्याला खाली घेऊन आला, आणि पायथ्याशी एक बाप आपल्या आजारी मुलाला घेऊन वाट पाहत होता. माझ्या उरलेल्या जागेत एक विहीर आहे. तिचे पाणी अजून गोडे आहे. फेब्रुवारीत मी त्याच्या वाडीपर्यंत पाइप टाकून घेतला. या वेळी आधी त्याला विचारले. त्याने दोन दिवस विचार केला आणि म्हणाला, “घेईन. पण पंपाचं विजेचं बिल अर्धं माझं.” मी ‘कशाला’ म्हणणार होतो, पण थांबलो. हो म्हटले.

बावखल परत आलेले नाही. त्या जागी आता चार मजली इमारत उभी आहे आणि त्या घरांतली मुलेही आपलीच आहेत. आमची मैत्री पूर्वीसारखी झाली, असे मी म्हणणार नाही. कधीकधी बोलता-बोलता तो मध्येच थांबतो आणि मला कारण ठाऊक असते. पण दर दोन महिन्यांनी विजेचे बिल घेऊन मी त्याच्या अंगणात जातो. तो चष्मा लावून आकडा वाचतो, अर्धे पैसे मोजून देतो, आणि मग चहा होतो. पाऊस सरल्यावर सुकेळ्यांचा पुडा आमच्या घरी येतो. तो सोपटाच्या दोरीने बांधलेला असतो, आणि गाठ तीच असते, ओढली तर अधिक घट्ट होणारी.